शेवटचे ताट

मिरज हे रुग्णांचे गाव आहे असे म्हटले, तर मिरजकरांना त्यात कमीपणा वाटत नाही. उलट अभिमानच वाटतो. आमच्या जंक्शनवर गाडी थांबली की उतरणाऱ्यांत एका हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा आणि दुसऱ्या हातात भाकरीचे गाठोडे घेतलेली माणसे हमखास दिसतात. कुणी जतच्या दुष्काळी भागातून आलेले असते, कुणी थेट विजापूर-बेळगावकडून. १८८९ साली भारतात आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस या प्रेस्बिटेरियन मिशनरी शल्यविशारदाने १८९४ मध्ये येथे रुग्णालय उघडले, आणि तंतुवाद्यांसाठी नावाजलेले हे संस्थानी गाव वैद्यकासाठीही ओळखले जाऊ लागले. पुढे १९६२ मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. अशा गावी राहणाऱ्या धर्मगुरूला वैद्यकशास्त्राशी फटकून राहता येत नाही. रुग्णाच्या उशाशी प्रार्थना म्हणावी, तर शेजारी औषधांच्या पुड्या असतात. आणि त्या पुड्यांविषयी घरची माणसे आम्हांलाच विचारतात. म्हणून वैद्यकाच्या वार्ता आम्ही जमेल तितक्या वाचत असतो. त्यांपैकी एका वार्तेने आम्हांला शुभवर्तमानाकडे पुन्हा वळायला लावले. ती वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वार्ता क्षयरोगाची आहे. हा रोग मिरजेला नवा नाही. सांगली आणि मिरज यांच्या मध्ये वॉनलेसवाडी आहे. तेथे मिशनचे क्षयरोग्यांसाठीचे सॅनेटोरियम होते. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला; परंतु शत्रू ओळखला गेला, तरी त्याला मारणारे शस्त्र हाती यायला आणखी साठ वर्षे जावी लागली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले. तोवर लाखो जीव गेले. लिझ्यूची संत तेरेसा १८९७ साली याच रोगाने वारली, तेव्हा ती अवघी चोवीस वर्षांची होती. औषध नसलेल्या त्या काळात सॅनेटोरियमपाशी देण्यासारख्या तीनच गोष्टी होत्या: मोकळी हवा, पूर्ण विश्रांती आणि सकस अन्न. उघड्या व्हरांड्यातील खाटा, सकाळ-संध्याकाळचे दूध, अंडी आणि डॉक्टरांच्या आज्ञेने संपवावे लागणारे भरले ताट, हीच तेव्हाची उपचारपद्धती.

मग औषधे आली आणि एक मोठा प्रश्न उभा राहिला. आपल्या देशात रुग्ण लक्षावधी आणि खाटा मूठभर. सर्वांना सॅनेटोरियममध्ये ठेवणार कोठे? १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग उपचार-संशोधन केंद्र स्थापन झाले. डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९३ गरीब रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एकाला सॅनेटोरियममध्ये ठेवले, दुसऱ्याला त्याच्याच दाटीवाटीच्या घरी. औषधे मात्र दोघांना तीच दिली. वर्षभराने दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले आढळले. एवढेच नव्हे, तर घरी राहिलेल्या रुग्णांच्या आप्तांमध्ये रोगाचे प्रमाण वाढलेलेही दिसले नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरची सॅनेटोरियम हळूहळू ओस पडली. रुग्ण आपल्या माणसांत परतला. मुलांपासून वर्षानुवर्षे दूर राहणाऱ्या आईबापांसाठी ही मुक्तीच होती, आणि कुटुंबाला पवित्र मानणाऱ्या आपल्या समाजाने तिचे मोल विशेष जाणले पाहिजे.

परंतु या शोधाला एक दुसरी बाजूही होती. सॅनेटोरियममधील रुग्णांचा आहार अधिक सकस होता, तरी केवळ त्यामुळे ते अधिक बरे झाले नाहीत, असे मद्रासला दिसून आले होते. त्यातून असा समज रुजला की, गोळ्या वेळेवर पोटात गेल्या म्हणजे पुरे. ताटाची चिंता नको. अर्धे शतक गोळ्यांचा हिशोब काटेकोरपणे ठेवला गेला, घासांचा मात्र कुणी फारसा ठेवला नाही.

तो हिशोब आता पुन्हा मांडला गेला आहे. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी सहकाऱ्यांसह झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात एक अभ्यास केला. त्यात २,८०० रुग्ण होते आणि त्यांच्या घरात राहणारी १०,३४५ माणसे. दर पाच रुग्णांमागे चार कुपोषित होते. सर्व रुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधाही देण्यात आला. फरक केला तो फक्त घरच्या माणसांत. निम्म्या भागांत शिधा रुग्णापुरताच राहिला. उरलेल्या भागांत घरातील प्रत्येक प्रौढ माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या देण्यात आल्या. २०२३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. ज्या घरांत सर्वांचे ताट भरले होते, तेथे कुटुंबीयांना नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि इतरांना लागण करू शकणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण तर ४८ टक्क्यांनी. रुग्णांतही, ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांना मृत्यूचा धोका पुष्कळच कमी असल्याचे आढळले.

वाचकहो, हे आकडे नीट पाहावेत. येथे कोणतीही नवी लस नाही, परदेशातून आणलेले महागडे औषध नाही. तांदूळ आणि तूरडाळ! आपल्या शनिवारच्या बाजारात मापाने मिळणाऱ्या या वस्तू आहेत.

ही वार्ता वाचली, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे धर्मग्रामातील एक घर उभे राहिले. घरभेटींच्या निमित्ताने आम्ही तेथे अनेकदा जातो. घरात सहा माणसे. कर्त्या पुरुषाला क्षय झाला होता. औषधे नियमित चालू होती. आरोग्यसेविका स्वतः येऊन विचारपूस करीत असे. एकदा आम्ही दुपारी गेलो, तेव्हा जेवणे चालू होती. रुग्णाच्या ताटात अंडे होते, मुलांच्या ताटांत वरणभात होता, सासूबाईंनाही वाढून झाले होते. मग सर्वांमागून घरच्या सूनबाई चुलीपाशीच बसल्या. त्यांच्या वाट्याला एक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भांड्याच्या कडेला उरलेले वरण आले. अधूनमधून त्या पदराआड खोकत होत्या. तपासणी करून घेतली का, असे आम्ही विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आजारी ते हायेत, फादर. मला काय हुतंय?" पुढे दोन आठवड्यांनी आरोग्यसेविकेच्या आग्रहाखातर त्या रुग्णालयात गेल्या. वजन ३६ किलो भरले. थुंकीत जंतू सापडले.

त्याच घरात आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली होती. रुग्णाचे ताट, वाटी, पेला हे सारे वेगळे ठेवले होते आणि वेगळेच घासले जात होते. वस्तुतः क्षय ताटावाटीतून पसरत नाही. तो खोकल्यातून, शिंकेतून, कोंदट हवेतून पसरतो. ताट वेगळे काढण्यापेक्षा खिडकी उघडणे आणि खोकताना तोंडावर रुमाल धरणे हजारपटींनी उपयोगाचे. ज्या ताटापासून काहीच धोका नव्हता, त्यावर सारे घर लक्ष ठेवून होते. आणि ज्या ताटात खरोखर धोका होता, त्या शेवटच्या, अर्ध्या रिकाम्या ताटाकडे कुणाचीच दृष्टी गेली नव्हती.

ही एकाच घराची कथा नाही. पुरुषाने आधी जेवावे, मग मुलांनी, आणि उरले-सुरले घरच्या बाईने, ही रीत आपल्याकडे जातिधर्माच्या भिंती ओलांडून चालत आली आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ती धुऊन निघाली, असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही. ख्रिस्ती घराच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते, सायंकाळी कुटुंब रोझरीसाठी एकत्र गुडघे टेकते. मात्र जेवायला ते एकत्र बसतेच असे नाही.

संत पौलापुढे करिंथच्या मंडळीत असाच प्रश्न आला होता. प्रभुभोजनासाठी जमलेल्यांपैकी काही जण आधीच जेवून तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. पौल त्यांच्यावर कठोर शब्दांत रागावतो आणि शेवटी अगदी साधी आज्ञा देतो: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. त्याच अध्यायात तो असेही म्हणतो की, तुमच्यातील पुष्कळ जण अशक्त व आजारी आहेत ते याचमुळे. पौल तेथे आध्यात्मिक न्यायाविषयी बोलत आहे, आहारशास्त्राविषयी नव्हे. त्याच्या शब्दांवर आजचे संशोधन लादणे योग्य होणार नाही. तरीही असमान पंगत देहालाही आजारी पाडते, हे झारखंडच्या खेड्यांत आता मोजून सिद्ध झाले आहे, आणि हे दोन पाठ शेजारी ठेवून वाचताना मन गंभीर होते.

आणखी एक प्रसंग आठवतो. याइराची बारा वर्षांची कन्या मरण पावते. येशू तिचा हात धरून तिला उठवतो. घरातील सारे थक्क होऊन उभे असतात. त्या क्षणी प्रभू काय करतो? तो तिला काहीतरी खायला देण्यास सांगतो. संत मार्क आणि संत लूक या दोघांनीही ही गोष्ट आवर्जून नोंदवली आहे. मृत्यूतून जीव परत आणण्याइतका मोठा चमत्कार करणाऱ्यालाही मुलीच्या भुकेचा विसर पडला नाही. आणि ते काम त्याने स्वतःकडे ठेवले नाही, घरच्यांवर सोपवले. आज औषधशास्त्र हात धरून उठवण्याचे काम करीत आहे. खायला देण्याचे काम आपल्यावर सोपवलेले आहे.

यावर कुणी म्हणेल, "फादर, आईने उपाशी राहून लेकरांना भरवणे हा त्याग नव्हे काय? आपण त्यागच शिकवतो ना?" होय, त्याग शिकवतो, परंतु त्याग हा स्वतःच्या खुशीने करायचा असतो. रोजच्या रोज एकाच व्यक्तीच्या वाट्याला येणारा आणि बाकीच्यांनी गृहीत धरलेला उपवास हा त्याग नसून अन्याय आहे. प्रायश्चित्तकाळात संपूर्ण कुटुंबाने एक वेळचे जेवण कमी करावे, त्यात पुण्य आहे. पण ज्या माउलीचा भस्मबुधवार वर्षभर संपतच नाही, तिला आणखी कोणता उपवास सांगणार?

मग करावे काय? घरात क्षयरोगी असेल, तर खोकला असो वा नसो, सर्वांनी तपासणी करून घ्यावी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत लक्षणे असलेल्या लोकांपैकी सुमारे ६४ टक्के लोक उपचारासाठी कोठेच गेले नव्हते, असे आढळले. रोग नसलेल्या कुटुंबीयांसाठी आता प्रतिबंधक औषधही मिळते. डॉक्टरांनी सांगितल्यास ते नाकारू नये. रुग्णाला आहारासाठी शासनाकडून मिळणारी मदत २०१८ साली दरमहा ५०० रुपये होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली आहे. ती हक्काने घ्यावी. २०२२ पासून 'नि-क्षय मित्र' होऊन कोणीही व्यक्ती वा संस्था रुग्णाच्या शिध्याची जबाबदारी घेऊ शकते, आणि २०२४ पासून त्यात रुग्णाच्या कुटुंबीयांचाही समावेश झाला आहे. धर्मग्रामांना यापेक्षा सोपी वाट कोणी दाखवायची? अन्न औषधाची जागा घेत नाही, हे मात्र विसरू नये. गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत. प्रार्थनाही त्यांच्या बदल्यात नव्हे, त्यांच्या सोबतीने करावी.

वर सांगितलेल्या घरासाठी धर्मग्रामातील काही कुटुंबांनी सहा महिने धान्य आणि डाळ पुरवली. ती देताना आम्ही एकच अट घातली: सर्वांनी एकाच वेळी जेवायला बसायचे. सासूबाई प्रथम कुरकुरल्या. पुढे त्याच सुनेला हाक मारू लागल्या. औषधे पूर्ण झाली, तेव्हा सूनबाईंचे वजन ४३ किलो होते आणि मुलांपैकी कुणालाही रोग झाला नव्हता. एका घरावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. पण एका घरापुरते ते पुरेसे असते.

दर रविवारी वेदीवर एकच भाकर मोडली जाते आणि रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ख्रिस्तप्रसाद मिळतो. मोठ्याला मोठा आणि सुनेला उरलेला, असे तेथे होत नाही. त्या मेजावरून उठून आपण घरच्या पंगतीकडे जातो. तेथे शेवटचे ताट कुणाचे आहे आणि त्यात काय उरले आहे, हे प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आज रात्री स्वतः उठून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.