खसखस पिकली

मोंढ्याकडच्या किराणा दुकानात दुकानदारानं पन्नास ग्रॅम खसखस तोलली. पुडी बांधताना चार दाणे सांडले, ते त्यानं ओल्या बोटानं टिपून परत पुडीत टाकले. भाव ऐकून मी म्हटलं, "एवढी महाग?"

"काका, आपल्याकडं पिकत नाही ना!"

पिकत नाही कशी? मराठीत तर कुणी जरा विनोद केला की लगेच पिकते.

त्यात हे नवीन जालना. बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथंच महिको ही बियाणे कंपनी काढली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. इथलं बी कुठल्या कुठल्या शिवारात गेलं. हा मोहरीहून बारीक दाणा मात्र हौसेनं कुंडीतही पेरायचा नाही. खसखशीचं झाड म्हणजे अफूचं झाड, आणि १९८५ च्या कायद्यानं ते परवान्याशिवाय लावणं गुन्हा. परवाने मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या नेमक्या भागांत.

मंदसौरकडं एकदा ते शेत पाहिलं. कमरेच्या वर आलेली झाडं, चार पाकळ्यांची पांढरी फुलं. पाकळ्या फार टिकत नाहीत. मागं मुकुट घातलेलं हिरवं बोंड उरतं. दुपारनंतर त्याला चिरे द्यायचे, सकाळी चीक खरवडायचा. वाळलं की तेच बोंड खुळखुळ्यासारखं वाजतं. चिकात नशा, दाण्यात खीर.

कुंडलिका नदीपलीकडं, जुन्या जालन्यात, आत्या राहायची. तिचे अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजत, पाणी रोज बदललेलं. मग सावलीत वाळवून, दमट असतानाच कुटून, गूळ घालून डब्यात. डब्याला कुणी हात लावायचा नाही. तळायच्या दिवशी खसखशीवर गोळी थापायची, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायची आणि उलटायची नाही. झाऱ्यानं तूप उडवत राहायचं. जाळी पडली की आत्या खुलायची. अनारसा तुपात पसरला की "हसला गं बाई!" म्हणायची आणि स्वतः मुळीच हसायची नाही. दोष कधी गुळाचा, कधी तांदळाचा, बहुतेकदा दारात उभ्या असलेल्या माझा. हसलेल्यांचा चुरा आम्हा पोरांचा. त्यामुळं देवाजवळ आम्ही काय मागत असू, ते सांगायला नको. साखरेचे अनारसे तिला मंजूर नव्हते. मलाही नाहीत.

पुडीतले चार दाणे तुळशीशेजारी टाकायचा मोह झाला. टाकले नाहीत. काल अनारसे केले; पहिले तीन हसले.