आध्यात्मिक वाढ आणि देवाची योजना : कोर्लई-रेवदंडा परिसरातील एक अनुभव

ख्रिस्ती शिकवणुकीत आध्यात्मिक वाढ म्हणजे देवाविषयीची माहिती वाढणे नव्हे. स्नानसंस्कारात, म्हणजे बाप्तिस्म्यात, मिळालेले जीवन आयुष्यभर पोसले जावे आणि माणसाच्या वागण्याबोलण्यात हळूहळू ख्रिस्ताचा स्वभाव उतरावा, अशी तिची अपेक्षा असते. संत पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताच्या पूर्ण उंचीपर्यंत वाढण्याची भाषा आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक तर वाचकांना चक्क रागावतो. इतकी वर्षे झाली, आता दुसऱ्यांना शिकवायचे, तर तुम्ही अजून दुधावरच आहात, असा त्याचा सूर आहे. करिंथकरांना मात्र पौल दुसरी बाजू सांगतो. कोणी लावले, कोणी पाणी घातले, पण वाढवणारा देव. म्हणजे कष्ट टळत नाहीत आणि कष्टांचा तोराही मिरवता येत नाही.

परंपरेने या वाटचालीचे तीन टप्पे मानले आहेत : शुद्धीकरण, प्रकाशन आणि ऐक्य. पुस्तकांत ते जिन्यासारखे एकावर एक रचलेले दिसतात. प्रत्यक्षात माणूस वर जातो, घसरतो आणि पुष्कळदा आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळत नाही. ज्यांनी हे टप्पे सर्वांत बारकाईने मांडले त्यांनाही याची पुरती जाणीव होती.

रायगडच्या किनाऱ्यावर या शिकवणुकीला स्वतःचा असा इतिहास आहे. कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे उत्तरेला रेवदंडा आणि दक्षिणेला, मुरूड तालुक्यात, कोर्लई. पोर्तुगीजांना चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, किल्ला बांधण्याची परवानगी 1521 मध्ये मिळाली आणि पुढच्या सुमारे दोनशे वीस वर्षांत डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा संघांचे मठ नि चर्चे रेवदंड्याच्या तटाच्या आत उभी राहिली. 1740 मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे गेला, मठ ओस पडले. कोर्लईच्या गडाखाली मात्र ख्रिस्ती वस्ती टिकली. घरात पोर्तुगीजपासून घडलेली त्यांची स्वतःची बोली, चर्चमध्ये मराठी, बाजारात मराठी, असा तिथला आजचा व्यवहार आहे. धर्मग्राम माउंट कार्मेलच्या मातेला वाहिलेला असून तिचा सण 16 जुलैला येतो.

आध्यात्मिक वाढीच्या विषयात कार्मेल हे नाव आपसूक पुढे येते, कारण या वाटचालीचा सर्वांत तपशीलवार आराखडा कार्मेल संघातल्या दोघांनी दिला. आविलाच्या संत तेरेसाने 1577 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात आत्म्याला किल्ल्याची उपमा दिली. त्या किल्ल्यात सात दालने आहेत आणि सर्वांत आतल्या दालनात राजा आहे. तिचा सहकारी संत योहान, क्रुसाचा योहान, यानेही कार्मेल डोंगराच्या चढणीवर ग्रंथ लिहिला. त्याला 1577च्या अखेरीस त्याच्याच संघातल्या बंधूंनी टोलेडोत कोंडून ठेवले होते. पुढे काळोख्या रात्रीविषयी त्याने जे लिहिले त्याला या कोठडीची पार्श्वभूमी आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की प्रार्थनेतला गोडवा आटला म्हणजे देव दूर गेला असे नाही. बरेचदा देव माणसाला त्या गोडव्याच्या सवयीतून सोडवत असतो. भक्ती म्हणजे मनाला बरे वाटणे, असे मानणाऱ्यांना हे पचायला जड जाते. आजच्या उत्साही प्रवचनांत योहान फारसा येत नाही, याचे नवल वाटायला नको.

कार्मेलच्या सणाआधीचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, 7 ते 15 जुलै या दिवसांत पडतो. या किनाऱ्यावर हे दिवस लावणीचे. यांत्रिक होड्यांच्या मासेमारीवर 31 जुलैपर्यंत बंदी असते, कोळ्यांच्या होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि ज्यांची खाचरे आहेत ती माणसे दिवसभर वाकून संध्याकाळी प्रार्थनेला येतात. पाय नळावर धुतले तरी नखांतला चिखल जात नाही. प्रस्तुत लेखकाचे लहानपण रेवदंड्याच्या वाडीत गेले. सणाला आईबरोबर कोर्लईला जायचे म्हणजे साळावच्या पुलावरून, छत्री उलटी करणाऱ्या वाऱ्यातून जायचे. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या बाई शेतकरी घरातल्या होत्या. आध्यात्मिक वाढ समजावताना त्यांनी फळ्यावर काही काढले नाही. राबातले रोप उपटून खाचरात लावले की चारसहा दिवस ते पिवळे पडते, मेले की काय असे वाटते. त्या दिवसांत त्याला उपटून बघायचे नसते, एवढेच त्यांनी सांगितले. मुले हसली, कारण उपटून बघण्याचा उद्योग प्रत्येकाने केलेला होता. काळोख्या रात्रीवरची इतकी नेमकी टीप प्रस्तुत लेखकाला नंतर वाचलेल्या पुस्तकांत आढळली नाही.

वाढीच्या शिकवणुकीला चिकटूनच देवाच्या योजनेची शिकवण येते. तिचे दोन थर आहेत. पहिला थर सर्वांसाठी सारखा असतो. देवाची इच्छा काय, तर माणसाने पवित्र व्हावे, असे पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964च्या चर्चविषयक दस्तऐवजात याच मुद्द्यावर एक पूर्ण प्रकरण घातले. पावित्र्य ही फादर-सिस्टरांची मक्तेदारी नाही, संसारी माणसालाही तेच बोलावणे आहे आणि ते त्याच्या कामधंद्यातूनच पुरे व्हायचे आहे, असे त्या प्रकरणाचे म्हणणे. दुसरा थर व्यक्तीचा. आपण नेमके काय करावे, लग्न की संन्यस्त जीवन, गाव की मुंबई, वाडी ठेवावी की विकावी? माणसे अडतात ती इथे. संकट आले की प्रश्न तर आणखी टोकदार होतो : हेही देवाच्या योजनेतच होते का?

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. रेवदंडा, चौल, नागाव, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या वाड्या काही तासांत झोपल्या. पोफळी कमरेत मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले, कौले आणि पत्रे उडाले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे देवळे, मशिदी, चर्चे सगळी बंद होती. महाराष्ट्रात ती 16 नोव्हेंबरला उघडली. नवी पोफळ फळायला पाचसात वर्षे जातात, त्यामुळे नुकसान एका हंगामात भरून निघण्यासारखे नव्हते. प्रस्तुत लेखकाच्या घरची वाडीही त्यात गेली. दुसऱ्या दिवशी विहिरीपर्यंत पोहोचायला आडव्या खोडांवरून चालावे लागले. रहाटाच्या जागी बसवलेला पंप झावळ्यांखाली कुठे आहे ते शोधायला दुपार झाली.

त्या दिवसांत फोनवर येणारे सांत्वन बहुधा एकाच वाक्याचे असे : देवाची काहीतरी योजना असेल. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ख्रिस्ती शिकवण हे वाक्य इतक्या सहज उच्चारत नाही. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांहून जास्त पापी होती का, असा प्रश्न येशूच उभा करतो आणि उत्तर देतो, नाही. ती का मेली याचे कारण तो सांगत नाही; ऐकणाऱ्यांनाच वळायला सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? तिथेही येशू दोन्ही पर्याय नाकारतो. ईयोबाच्या पुस्तकात सांत्वनाला आलेले मित्र देवाच्या बाजूने लांबलचक युक्तिवाद करतात आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर.

ईश्वरशास्त्राने यातून एक भेद काढला. देव ज्याची इच्छा करतो ते वेगळे आणि ज्याला वाव देतो ते वेगळे. संत ऑगस्टिनच्या मते देवाने वाईट मुळीच घडू न देण्यापेक्षा वाइटातून चांगले काढणे अधिक योग्य मानले. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की देवावर प्रेम करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याण घडवतात. सर्व गोष्टी कल्याणाच्या असतात असे तो म्हणत नाही. या दोन विधानांत वादळाएवढे अंतर आहे आणि सांत्वन करताना नेमके तेच पुसले जाते. वादळ पाठवून देवाने अमुक कुटुंबाला धडा दिला, असे सांगण्याचा अधिकार ही शिकवण कोणालाही देत नाही. त्या पडझडीत पुढे काय करायचे ते शोधायला मात्र ती सांगते.

शोधण्याची रीत जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नाती याने घालून दिली. त्याचा ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ 1548 मध्ये छापला गेला. त्याचा सोबती संत फ्रान्सिस झेवियर त्याच दशकात चौलला येऊन गेला होता आणि पुढे जेझुइटांचे घर इथे होतेच. म्हणजे ही रीत या किनाऱ्याला परकी नाही. इग्नातीने मनाच्या दोन अवस्था ओळखल्या. एकीत विश्वास, आशा, प्रेम वाढते आणि मन स्वस्थ असते. दुसरीत काळोख, अस्वस्थता, प्रार्थनेचा कंटाळा येतो. दुसऱ्या अवस्थेत असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये, असा त्याचा नियम आहे. बदल करायचाच तर स्वतःत करावा. प्रार्थना थोडी वाढवावी, मनाची झडती घ्यावी, धीर धरावा. प्रत्येक रात्री दिवसाकडे वळून पाहण्याची त्याने लावलेली शिस्तही याचसाठी होती : आज देवाकडे ओढणारे काय होते, दूर नेणारे काय होते.

वादळानंतरच्या महिन्यात या परिसरात जमीन विकण्याची बोलणी वाढली. बंगल्यांसाठी जागा शोधणारे मध्यस्थ पडलेल्या वाड्यांतून फिरत होते. प्रस्तुत लेखकाच्या घरीही बोलणे आले. वडील थकलेले, मुलगा मुंबईत, झाडे गेलेली. हिशोब विकण्याच्याच बाजूचा होता. आईने इग्नाती वाचलेला नव्हता. तिने एवढेच सांगितले की सुतकात सोयरीक ठरवत नाहीत, पाऊस सरू दे. पाऊस सरेपर्यंत खोडे तोडून झाली. त्या कामाला शेजारची हिंदू आणि मुसलमान घरे आली होती, त्यांच्या वाडीत हे घर गेले होते. नोव्हेंबरात प्रश्न पुन्हा निघाला तेव्हा त्याचे रूप बदलले होते. विकायचे की नाही हा मुद्दा मागे पडून राखायची कोणी नि कशी, हा पुढे आला. वाडी राहिली, पण अर्धी खंडाने दिली गेली. हा निर्णय देवाच्या मनातला होता असे छातीठोक म्हणण्याची सोय नाही. तो भीतीपोटी घेतला गेला नाही, एवढे म्हणता येते, आणि इग्नातीची कसोटी त्याहून फार जास्त मागत नाही.

मराठी प्रॉटेस्टंट परंपरेत हीच वाट आत्मकथनांतून मांडली गेली. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ 1888चे. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्या निर्णयापर्यंत पोहोचायला आणखी पाच वर्षे लागली आणि ती सगळी ओढाताण त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. टिळकांची वाढ बाप्तिस्म्यापाशी थांबली नाही. 1917 मध्ये, पंचावन्नाच्या सुमारास, त्यांनी मिशनचे काम सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. एकाच घरात देवाची योजना नवऱ्याला एका वेळी आणि बायकोला दुसऱ्या वेळी, वेगळ्या वाटेने उमगली, ही गोष्ट लक्ष्मीबाईंनी कुठलेही ईश्वरशास्त्र न वापरता नोंदवली आहे. कॅथलिक बाजूला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ 2010 मध्ये आले आणि मराठी घरांत शुभवर्तमान रोजच्या भाषेत वाचण्याची सोय झाली.

वाढ झाली की नाही हे ओळखायचे कसे, याला पौलाने गलतीकरांना दिलेले उत्तर आजही धर्मशिक्षणात पाठ करून घेतात. आत्म्याची फळे म्हणून तो नऊ गुण मोजतो. त्यांत प्रीती, शांती, सहनशीलता, सौम्यता आहेत. दृष्टान्त, चमत्कार किंवा भरभराट नाही. त्यातले बहुतेक गुण एकट्याने दाखवता येत नाहीत, त्यांना शेजारी लागतो. म्हणून पापनिवेदनाला जाणाऱ्यालाही आधी भांडलेल्या भावाकडे जायला सांगितले जाते. बांधावरून वाद असलेल्या घरांत ही अट पाळणे नोव्हेनाचे नऊही दिवस न चुकता हजर राहण्यापेक्षा अवघड जाते, हे कोकणात वेगळे सांगायला नको.

वाढीला शेवट आहे का, यावर ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत. कॅथलिक शिकवणीनुसार देवाच्या कृपेत मेलेल्या पण अपुऱ्या राहिलेल्या माणसाचे शुद्धीकरण मृत्यूनंतरही चालते. त्यासाठी 2 नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाची मिस्सा होते आणि कबरींवर मेणबत्त्या लावल्या जातात. प्रॉटेस्टंट पंथ हे मानत नाहीत. त्यांच्या मते मृत्यूबरोबर देव हे काम स्वतःच क्षणात पुरे करतो. देवाची योजना पूर्णपणे उलगडते ती त्याला समोरासमोर पाहिल्यावरच आणि तोवर माणसाला तिचे तुकडे तेवढे दिसतात, यावर मात्र दोघांचे एकमत आहे.