‘तुम्ही म्हणताय तर करू’

संशोधनासाठी थेरपी सेशनचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं तर संमतीपत्र आधी भरून घेतात. एथिक्स कमिटीला तेवढं पुरतं, मला पुरत नाही. आज आपल्या तोंडून काय निघणार आहे, हे सही करणाऱ्या बाईला कुठे ठाऊक असतं? ती आलेली असते झोप लागत नाही म्हणून, आणि बोलता बोलता दिराबद्दल असं काही सांगून जाते, जे सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नसतं. म्हणून सेशन संपल्यावर आम्ही पुन्हा विचारतो, आज बोललात ते ठेवायचं का? दोन दिवसांनी फोन करून परत विचारतो.

रेकॉर्डिंग नकोच, असं मात्र मी कधी म्हणणार नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात सेशन्स तबकड्यांवर उतरवली आणि 1942 साली ‘हर्बर्ट ब्रायन’ या बदललेल्या नावाच्या माणसाच्या आठही भेटी पुस्तकात शब्दशः छापल्या. तोवर बंद दाराआडचं सगळं थेरपिस्ट सांगेल तेवढंच कळायचं, आणि थेरपिस्टची आठवण सोयीची असते. क्लायंटचं वाक्य पुरं व्हायच्या आत सल्ला देऊन मोकळा झालेला विद्यार्थी ‘मी ऐकत होतो’ असं अगदी मनापासून सांगतो. रेकॉर्डिंग दाखवलं की गप्प होतो आणि तिथून शिकायला लागतो.

पण ग्लोरिया नावाच्या क्लायंटचं काय झालं, तेही मी विद्यार्थ्यांना सांगते. रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस या तीन थेरपिस्टांनी कॅमेऱ्यासमोर तिच्याशी केलेलं संभाषण 1965 मध्ये फिल्म म्हणून आलं. शिकवण्यासाठी केलेलं ते चित्रीकरण पुढे टीव्हीवर आणि थिएटरातही दाखवलं गेलं. घटस्फोट, लहान मुलगी, पुरुषांशी असलेले संबंध, सगळं तिच्या चेहऱ्यासकट लोकांसमोर आलं.

लेखी उताऱ्यात नाव-गाव बदलता येतं. व्हिडिओत चेहरा धूसर केला, तर ज्यासाठी रेकॉर्डिंग केलं तेच जातं: ओठ मुडपणं, पदराच्या टोकाशी चाललेला चाळा. आवाज तसाच ठेवला, तर बोली पत्ता सांगून मोकळी होते. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण चोरीला गेलेली फाइल कायद्याने परत येत नाही. फिनलंडमध्ये वास्तामो या मानसोपचार संस्थेतल्या हजारो रुग्णांच्या नोंदी चोरल्या गेल्या आणि 2020 मध्ये रुग्णांनाच पैशांसाठी धमक्यांचे ईमेल गेले. त्या नुसत्या लेखी नोंदी होत्या.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती, ‘मॅडम, तुम्ही म्हणताय तर करू,’ या उत्तराची. असं कुणी म्हणालं की मी कागद मिटायचे. जिच्या आधारावर आज ती उभी आहे, तिला नाही कसं म्हणणार? आता मी स्वतः विचारतच नाही. उपचारांशी संबंध नसलेली सहकारी विचारते, आणि नकार दिला तरी सेशन तेच, फी तीच, हे आधी सांगते.

एकीने सही करता करता पेन थांबवून विचारलं होतं, “ह्यांचं नाव येणारच बोलण्यात. त्यांना विचारलंय का कुणी?” नवऱ्याला विचारायचं, तर ती इथे येते हेच त्याला कळणार. नाव कापता येतं, पण नवरा कापला तर तिच्या बोलण्यात उरतं काय? तिचं सेशन आम्ही रेकॉर्ड केलं नाही. त्या संशोधनात तिच्यासारख्या बायका कमीच आहेत, आणि निष्कर्ष वाचताना ते ध्यानात ठेवावं लागतं.