सशाच्या वतीने

‘सशाला दुखलं तरी तो सांगत नाही. म्हणून त्याच्याकडे रोज नीट बघणारं माणूस घरात लागतं. आजी, ते तू होशील का?’

चौथीतल्या एका मुलीच्या वहीतलं हे पत्र. माझी मैत्रीण शाळेत मराठी शिकवते. तिने वर्गाला सांगितलं होतं, घरी कुठला प्राणी हवा ते ठरवा, आधी त्याची माहिती काढा, मग घरात ज्याचं मन वळवायचं त्याला पत्र लिहा. बहुतेकांनी बाबांना लिहिलं. हिने आजीला लिहिलं, कारण दुपारचं घर आजीचं असतं. हे कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजावेत म्हणून त्याला सतत वाळलेलं गवत चघळायला हवं. गाजर गोड, म्हणून क्वचितच. नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो, म्हणजे मी कॉलेजात जाईपर्यंत, असं ती लिहिते. उन्हाळा त्याला सोसत नाही, तेव्हा एप्रिल-मेमध्ये तो तुझ्या खोलीत, फरशीवर. आपल्या मागणीतल्या अडचणी तिने आपणच मांडल्या आहेत, आणि मन वळतं ते इथेच. शेजारच्या वहीत ‘ससा खूप गोंडस असतो’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. पण ज्याला ससा गोंडस वाटतो, त्याचं मन आधीच वळलेलं असतं. आजीला मात्र लेंड्या कोण उचलणार ते हवं असतं.

उलट, दहावीच्या मागणीपत्रातले ‘मा. व्यवस्थापक’ कोणत्याच मुलाने पाहिलेले नसतात. ते कधी नाही म्हणत नाहीत, कधी उलट विचारत नाहीत. जो उत्तर देणार नाही त्याला पत्र लिहायला शिकवणं मला पटत नाही. कॅरन कॉफमन ऑर्लॉफ यांचं ‘आय वॉना इग्वाना’ हे २००४ सालचं चित्रपुस्तक मला आवडतं ते यासाठीच. त्यातला मुलगा ॲलेक्स आईला चिठ्ठ्या लिहितो, आणि आईही त्याला लिहूनच उत्तरं देते.

मैत्रिणीच्या त्याच वर्गातल्या एका मुलाला पोपट हवा होता. पहिलं अर्धं पान मिरची, पेरू आणि ‘तो बोलायला शिकेल’ यांनी भरलेलं. मग त्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सापडला. आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात ठेवायला मनाई आहे.

आमच्या वाड्यात या कायद्याची कोणाला खबर नव्हती. समोरच्या काकूंच्या ओसरीवर पोपट असे, गळ्याभोवती काळं-गुलाबी कडं असलेला. सकाळी भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दुपारी पेरूची फोड, आणि लाल मिरची तो साखरेसारखी खाई. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा झोंबतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा आम्ही पोरं त्याला शूर समजायचो. ‘विठ्ठल विठ्ठल’ तो म्हणे, पण त्याचा खरा आवाज होता तो दिंडी दरवाजाच्या कडीचा. ती कडी तो हुबेहूब वाजवायचा. काकू आतून ‘कोण आलंय?’ म्हणत बाहेर यायच्या. पोपटच आहे हे ठाऊक असूनही यायच्या. पदराला हात पुसत पिंजऱ्याशी उभ्या राहायच्या, दोन शब्द बोलून आत जायच्या. मला वाटतं, त्यांना त्या घरात हाका मारणारं तेवढंच कोणीतरी होतं. संध्याकाळी नदीकाठच्या झाडांकडे पोपटांचे थवे ओरडत जायचे. त्या वेळी तो दांडीच्या पार टोकाला सरकायचा, तारेला चोच लावायचा आणि त्यांचा आवाज मात्र कधी काढायचा नाही. दार उघडावं असं काकूंना कोणी पत्र लिहिलं असतं, तर त्यात काकूंच्या दुपारींबद्दलही काही लिहावं लागलं असतं. ते मला आजही जमेल असं वाटत नाही.

त्या मुलाने पोपटाचा हट्ट पत्रातच सोडला आणि खाली नवी मागणी केली : गॅलरीत पाण्याचं भांडं ठेवू या, येतील ते येतील. वडिलांनी त्याच पानावर उत्तर लिहिलं आहे. भांडं मातीचं आणि उथळ हवं. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास होतील. कावळे आले तर हाकलायचं नाही. मान्य असेल तर सही कर.

मुलाने सही केली आहे, आणि सहीखाली नवा प्रश्न : आपण गावाला गेल्यावर पाणी कोण भरणार?