दुकानातली झोप

गाद्यांच्या दुकानात माणूस जसा झोपतो, तसा तो इतर कुठेच झोपत नाही. बूट घातलेले पाय काठाबाहेर, नजर छताला, आणि उशाशी उभा राहून ‘कसं वाटतंय सर?’ म्हणणारा विक्रेता. प्लास्टिकच्या आवरणावर मिनिटभर असं ताठ पडायचं आणि पुढच्या दहा वर्षांच्या झोपेचा निकाल लावायचा! कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातही याहून जास्त वेळ मिळायचा.

पूर्वी हा निकाल एकदाच लावावा लागत नसे. बाजेला झोळ आला की पायथ्याची दोरी ओढून ती पुन्हा ताणायची, ज्याच्या पाठीला जेवढी मानवेल तेवढी. कापसाची गादी दडपून तिच्यात गोळे झाले की पिंजाऱ्याची वाट पाहायची. त्याच्या धनुकलीची तार झणझणू लागली की शेजारच्या घरांतूनही गाद्या बाहेर निघत. उसवलेल्या खोळीतला कळकट, दबलेला कापूस बघता बघता ढिगानं फुगायचा, अंगणभर तुसं उडायची, पोरं शिंकत तिथंच घुटमळायची. संध्याकाळी तीच गादी नवे टाके घालून घरात. अंथरुणाची निवड अशी अधूनमधून नव्यानं होत असे. फोम काही पिंजून मिळत नाही. त्यात खड्डा पडला की पडला.

पाठ दुखत असेल तर फळीसारखं कडक अंथरूण घ्या, हा सल्ला मात्र अजून घरोघरी फुकट मिळतो. 2003 साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्पेनमधला एक अभ्यास छापून आला. जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांपैकी निम्म्यांना कडक गाद्या दिल्या, निम्म्यांना मध्यम कडक. तीन महिन्यांनी मध्यमवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. ते पटण्यासारखंच आहे. कुशीवर झोपणाऱ्याचे खांदा आणि कंबर थोडे आत गेले नाहीत, तर कणा सरळ राहणार कसा?

मेमरी फोम मूळचा 1960च्या दशकातला, नासासाठी विमानांच्या आसनांकरता घडवलेला. अंगाच्या उबेनं तो मऊ पडतो आणि ती ऊब धरूनही ठेवतो. झोप लागताना शरीर थंड व्हायला बघतं, आणि आपण मुंबईच्या ऑक्टोबरात, पंखा पाचावर ठेवून, त्यात रुतून बसतो. मला विचाराल तर दमट हवेत स्प्रिंगची गादी बरी, आतून वारा तरी खेळतो.

तेव्हा बूट काढा. घरची उशी नेली तरी चालेल. उताणं पडून कमरेखाली हात घालून बघा: आरपार सहज गेला तर गादी कडक, शिरलाच नाही तर फार मऊ. मग आपल्या नेहमीच्या कुशीवर वळा आणि पंधरा मिनिटं तसेच राहा. घरी दोघं झोपत असाल तर दुकानातही दोघांनीच झोपा. एकानं कूस बदलली की दुसऱ्याला हिसका बसतो का, हे एकट्याला कळायचं नाही. लोक बघतील. बघू देत.