पांढऱ्या वाघाचे कुळ

दुर्मिळ वस्तूविषयी मनुष्यास वाटणारे प्रेम पुष्कळदा त्या वस्तूच्याच मुळावर येते. आम्हां चिंचवडकरांस सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाण्याची हौस फार. तेथे पिवळा पट्टेरी वाघ डौलाने फेऱ्या घालीत असला तरी मुले विचारतात, 'पांढरा कोठे आहे?' वडील मंडळींच्या मनातही तेच असते. ती बोलून दाखवीत नाहीत इतकेच.

या पांढऱ्याचे कुळ फार जुने नाही. १९५१ साली रीव्याचे महाराज मार्तंडसिंह यांस अरण्यात एक पांढरा बच्चा सापडला. त्याचे नाव मोहन ठेवून त्यांनी त्यास गोविंदगडच्या वाड्यात वाढविले. बेगम नावाच्या वाघिणीपासून त्यास झालेली सारी पिल्ले पिवळीच निघाली. तेव्हा त्यांतील राधेचा जोड तिच्या जन्मदात्याशीच लावण्यात आला, आणि १९५८ साली चार पांढरी पिल्ले जन्मास आली. देशोदेशींच्या पिंजऱ्यांतील पांढरे वाघ बहुतांशी याच घराण्याचे. रंग टिकावा म्हणून पुढेही आप्तांचेच जोड लावले गेले.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. प्रत्येक प्राण्याच्या अंगी एकेका गुणाची दोन बीजे असतात. एक मातेचे, एक पित्याचे. जोडीस निर्दोष बीज असेपर्यंत सदोष बीज बहुधा गप्प बसते. बापलेकीच्या संततीत मात्र दोन्ही बीजे एकाच पूर्वजाच्या एकाच बीजाच्या नकला असण्याचा संभव चारांत एक इतका असतो. मग जे पिढ्यान्‌पिढ्या दडून होते ते वर येते: मृत पिल्ले, वाकडे कणे, अल्प आयुष्य. पांढऱ्या वाघांचा तिरळेपणा तर खुद्द त्या रंगाशीच जखडलेला आहे.

गोत्र पाहून सोयरीक करणाऱ्या आपल्या समाजास हे तत्त्व अपरिचित नाही. अर्थात तोच समाज मामाची मुलगी आनंदाने घरात आणतो, हा भाग निराळा!

परंतु नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांस पिंजऱ्यातच वाढविणे कधी कधी अपरिहार्य होते. युरोपातील रानगव्याची जात १९२७ पर्यंत अरण्यातून नाहीशी झाली होती. आज तेथे हजारोंनी दिसणारे ते गवे केवळ बारा पूर्वजांचे वंशज होत. त्यांच्या रक्षकांनी १९३२ पासून प्रत्येक जनावराची वंशावळ छापील वहीत नोंदून ठेविली. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये यजमानांच्या नामावळ्या ठेवतात, तशीच ही वही. अशी वही पाहून जवळच्या नात्याचा जोड टाळता येतो. मोहनच्या वंशात नाते ठाऊक होते, आणि ते ठाऊक असूनच जोड लावला गेला.

आमच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांत हजारावा सुटा भाग पहिल्यासारखाच हुबेहूब निघाला, तर ती कारागिरी ठरते. पण साच्यातच खोट असली तर हजारही भाग त्याच खोटीचे निघतात. कारखानदार असा साचा मोडून टाकतो. सृष्टी तर एकाच साच्यावर विसंबतच नाही; एखादी साथ आली असता काही जीव तरी तगावेत, ते या विविधतेच्या बळावर.

अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या प्रमुख संघटनेने २०११ साली आपल्या सभासदांस पांढऱ्या वाघांची पैदास करण्यास मनाई केली. पिंजरे मोजके असतात. एक पिंजरा या रंगासाठी अडला की वंशाच्या दृष्टीने मोलाच्या एका वाघाची जागा गेली. विदर्भाच्या अरण्यात हिंडणारा पिवळा वाघ रूपाने सामान्य वाटेल. पण वाघाची जात पुढे चालावयाची ती त्याच्या रक्तावर. प्रेक्षक ज्या पिंजऱ्यापुढे गर्दी करितात, त्याचीच भरती संग्रहालयाचे चालक करणार. तेव्हा मुलांस घेऊन त्या पिवळ्यापुढेच अंमळ अधिक वेळ उभे राहावे, असे आम्ही अलीकडे ठरविले आहे.