हात उगारावा, पण कुठवर?

आमचं किराणा दुकान खाली आणि बिऱ्हाड वर. मागे पेठेत पाठोपाठ दोन दुकानं फुटली, तेव्हा ह्यांनी सासऱ्यांच्या वेळचा शिसवी सोटा काढून गल्ल्यापाशी ठेवला. "येऊ दे कुणी, आडवा करतो!" म्हणाले. पुरुषांना बोलायला काय जातं! मला चोरापेक्षा वेगळीच धास्ती. चोर खरंच आडवा झाला आणि हे तुरुंगात गेले, तर दोन मुलं घेऊन मी काय करू?

माझा मावसभाऊ वकील आहे. त्याला जेवायला बोलावलं आणि भरली वांगी वाढता वाढता सगळं विचारून घेतलं.

तो म्हणाला, "ताई, कायद्याने आपले हात बांधलेले नाहीत." स्वतःचा नि दुसऱ्याचाही जीव, तसंच मालमत्ता वाचवणं हा आपला हक्क. १८६० च्या दंड संहितेत तो होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे, कलमं ३४ ते ४४. नजर चुकवून साबणाची वडी पिशवीत टाकली, तर ती चोरी. सुरा दाखवून गल्ला उघडायला लावला, तर जबरी चोरी. जबरी चोरी करणाऱ्याला किंवा रात्री दुकान फोडून शिरलेल्याला अडवताना, दुसरा इलाजच उरला नाही आणि त्याचा जीव गेला, तरी कायदा तो गुन्हा धरत नाही. वडीसाठी कुणाचं डोकं फोडलं, तर मात्र धरतो.

"आणि घाबरून एखादा फटका जास्तच बसला तर?" मी विचारलं. तर कोर्ट ते सोनाराच्या काट्यावर तोलत नाही म्हणे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात तसं स्पष्टच सांगितलंय. पण बचावासाठीच मारलं, हे दाखवून द्यावं लागतं आपल्यालाच.

मैत्रिणींनो, खरी मेख पुढेच आहे. जबरी चोरीत हा हक्क भीती असेपर्यंतच. सुरा टाकून तो पळत सुटला, की सोटा खाली. त्याला धरायला हरकत नाही, पण विनाविलंब, फार तर सहा तासांत पोलिसांच्या हवाली करायचं. आमच्या पेठेत काय करतात? खांबाला बांधतात आणि येणारा-जाणारा हात धुऊन घेतो. बायकासुद्धा चपला काढून पुढे होतात! बांधलेल्या माणसाची कसली आलीय भीती? तिथे प्रत्येक फटका मारणाऱ्याचा गुन्हा ठरतो. मेलाबिला तर खुनाचा खटला.

"दाजींना नीट सांग," असं बजावून भाऊ गेला. सांगितलं. "मग धाक कसा राहायचा?" म्हणून हे माझ्यावरच उखडले. दोन दिवस धुसफूस चालली. शेवटी एवढं कबूल करून घेतलंय, की सुरा निघालाच तर गल्ला देऊन टाकायचा आणि तो गेल्याबरोबर ११२ ला फोन लावायचा. रोकड तर मी आता संध्याकाळी सातलाच वर आणते. त्यावरून रोज कुरबुर होते, ती होऊ दे.